भाकरीवालीचं आडनाव

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. इंग्रजी मला येत नाही. ट्रक, मोबाईल, बिल, लाईट असले शब्द येतात, ते सगळ्यांनाच येतात. पण एक इंग्रजी शब्द मला असा माहीत आहे, की त्याचा अर्थ म्हणे आता बऱ्याच इंग्रजांनाही सांगता येत नाही. बॅक्स्टर. आज ते नुसतं आडनाव आहे. पूर्वी ते एका कामाचं नाव होतं. तो अर्थ मला कसा कळला आणि कळूनही मी काय केलं नाही, ते लिहिते. आमच्या माणसांची नावं लिहिणार नाही. माझ्यामुळं जिची एकदा शोभा झाली, तिला नावानिशी पुन्हा चार लोकांत उभं करायचं नाही.

आमचं घर नळदुर्गला हायवेच्या कडेला आहे. जमीन थोडी, तीही मुरमाड. थोरले दीर साप चावून गेले तेव्हा माझी जाऊ तिशीचीही नव्हती. तिला मूलबाळ नव्हतं. माहेरचे न्यायला आले होते, ती गेली नाही. मी तिला अक्का म्हणते. त्याच सुमारास आमच्या रस्त्याकडच्या जागेत एकानं ढाबा टाकला. आमटी, शेवभाजी तो करायचा, पण त्याच्या आचाऱ्याची भाकर म्हणजे वहाणेचा तळवा. एक दिवस अक्कानं घरच्या चार भाकरी त्याला पाठवल्या. त्या दिवसापासून सुरू झालं.

माझे मालक आधी तयार नव्हते. शेतकऱ्याच्या घरातल्या बायांनी ट्रकवाल्यांना भाकरी घालायच्या का, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्यांनीच तोड काढली. आमचं परसू आणि ढाबा यांच्यामधल्या भिंतीला हात जाईल एवढं भोक पाडलं. आम्ही इकडं थापायच्या, तिकडून वाढप्याचा हात यायचा, टोपलं घेऊन जायचा. बाई कुणाला दिसायची नाही, फक्त थापण्याचा आवाज जायचा. ड्रायव्हर लोक म्हणायचे, भिंतीतली भाकर द्या. आम्ही दोघी त्याला हसायचो.

काही वर्षं मीही तिच्या बरोबरीनं थापल्या. पण तिच्यासारखा हात माझा नव्हता. जुन्या ज्वारीचं पीठ विरी गेलेलं, चिकटपणा गेलेलं असलं की माझी भाकर काठाला फाटायची. ती त्याच पिठाला कढत पाण्यानं मळून अशी भाकर करायची की उचलली की लुगड्यासारखी हातावर पडावी. आमच्या भागातली कडक भाकर तर तिच्यासारखी कुणाला जमत नव्हती. पुढं माझा मुलगा शाळेत मास्तर झाला, घरावर स्लॅब पडला, आणि मी चुलीपुढून उठले. मास्तरची आई ढाब्याला भाकरी करते हे बरं दिसत नाही, असं मला वाटलं. अक्का उठली नाही. मुलाचं शिक्षण, सुनेची बाळंतपणं, नातीचं कॉलेज, सगळं त्या भोकातून आत आलं होतं, हे मला माहीत होतं. तरी मी भिंतीच्या त्या अंगाला फारशी जाईनाशी झाले.

नात मोठी झाली. लातूरकडचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, घर सुधारलेलं, मुलाची आई तोलूनमापून बोलणारी. बघायला आले त्या दिवशी मी अक्काला सांगितलं, "अक्का, आज एक दिवस चूल राहू द्या. लुगडं बदलून बाहेर बसा."

"ढाबेवाल्याला काल शब्द दिलाय," ती म्हणाली. "हैदराबादची बस थांबणार हाय. तू म्होरं हो, मी हात धुऊन येते."

पोहे झाले, चहा झाला, मुलीनं प्रश्नांची उत्तरं दिली. मग मुलाच्या आई हात धुवायला म्हणून परसात आल्या. मी मागोमाग होते. अक्का चुलीपुढं बसलेली. कोपरापर्यंत पीठ, कपाळावर काजळी, पदर कमरेला खोचलेला. आणि नेमका त्याच वेळेला भिंतीतून हात आला. "मावशे, वीस दे! लौकर!"

बाई दचकल्या. हाताकडं बघितलं, अक्काकडं बघितलं. मग मला विचारलं, "ह्या कोण?"

मी म्हणाले, "ढाब्यावरची बाई आहे. तिला मागं जागा दिली आहे आम्ही."

हे मी न अडखळता बोलले. ठरवून ठेवलेलं नव्हतं. पण जे ठरवलेलं नसतं आणि तरी पटकन तोंडातून येतं, ते आधीपासून आत तयारच असतं, असं मला वाटतं. अक्का माझ्यापासून चार हातांवर होती. तिनं ऐकलं. मान वर केली नाही. थापायची लय चुकली नाही. भाकर तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, चुलीच्या तोंडाशी लावली, ती टम्म फुगली. तिची भाकर त्या वेळी करपली असती तर मला बरं वाटलं असतं.

हात धुऊन ती बाहेर आली नाही.

पाहुणे गेल्यावर मी परसात गेले. काय बोलायचं ते ठरवत होते. तिनंच तोंड उघडलं.

"मालकीणबाई, मीठ संपलंय. असंल तर द्याल का?"

चाळीस वर्षं ती मला तू म्हणत आलेली. मी म्हणाले, "अक्का, असं काय बोलता?"

"जागा दिलीया तुमी. आपलं आपुन पायरीनं ऱ्हावं."

मी मीठ आणून दिलं. एवढंच केलं. तेव्हाच पाया पडले असते तर गोष्ट तिथंच संपली असती. पण मला राग आला होता. चूक माझी आणि राग तिच्यावर. वरून मनाला समजावलं, की पोरीचं भलं झालं, स्थळ हातचं गेलं नाही.

पसंती आली. मग आली मानपानाची यादी. आमच्याकडं मुलीच्या बाजूच्या मानाच्या बायकांना मुलाकडून साड्या नेसवतात, आणि पहिली साडी घरातल्या थोरलीला असते. विहीणबाईंचा फोन आला. "तुमच्याकडच्या किती बायका धरू?"

मी सांगितलं: मी, सून, नातीच्या दोन आत्या. अक्का जवळच बसून पीठ चाळत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "चारच? आकडा जरा अपशकुनी वाटंना का? पाच बरा दिसला असता. पण पाचवी कुठनं आणणार तुमी, ढाब्याहून?"

मी उठून आत गेले.

लग्नाला महिना असताना ती इंग्रज बाई आली. किल्ला बघायला नेहमी कोण ना कोण येतं. ही साठीच्या पुढची, पायात कापडी बूट, डोक्याला रुमाल. तिच्याबरोबर एक प्राध्यापक होते. कॉलेजात असल्यापासून ते आमच्या ढाब्यावर जेवत आलेले. त्यांनी भोकातूनच हाक मारली, "मावशी, इंग्लंडच्या पाहुण्या आहेत. भाकरी कशी करतात ते बघायचं म्हणतात."

"तिकिट लावू का?" अक्का म्हणाली. "या म्हणावं की. चूल काय पळून जात न्हाय."

ते वळसा घालून परसात आले. त्या बाईनं बूट काढले, सरळ फरशीवर मांडी घातली आणि हात पुढं केला. अक्कानं तिला पिठाचा गोळा दिला. तिनं दोन थापा मारल्या, भाकर काठवटीत फाटली. तिसऱ्या वेळी तर निम्मी हाताला चिकटून वर आली. दोघी हसल्या. अक्का म्हणाली, "हिला सांगा, नवऱ्याचं नशीब चांगलं, म्हणून इकडं जन्मली न्हाय."

प्राध्यापकांनी ते इंग्रजीत सांगितलं. बाई आणखी हसली आणि काहीतरी बरंच बोलली. प्राध्यापक आम्हाला सांगू लागले.

"मावशी, ह्यांचं आडनाव आहे बॅक्स्टर. ह्या म्हणतात, आपल्याला भाकरी जमायला पाहिजे होती. कारण जुन्या इंग्रजीत बॅक्स्टर म्हणजे पाव भाजणारी बाई. भाकरीवालीच म्हणा."

"बाईच?" अक्कानं विचारलं.

"हो, मुळात बाईच. त्या जुन्या भाषेत शब्दाला शेवटी तसं शेपूट लावलं की ते काम करणारी बाई, असा अर्थ व्हायचा. कापड विणणारीला एक, दारू गाळणारीला एक, तसा पाव भाजणारीला हा. मग हळूहळू भट्टी पुरुषांच्या हातात गेली. तेव्हा त्यांनाही लोक तेच म्हणायला लागले. पुढं तो शब्दच बोलण्यातून गेला. आता पाव करणाऱ्याला कुणी बॅक्स्टर म्हणत नाही. फक्त आडनाव राहिलं."

अक्का तव्यावरची भाकर उलटत होती. "काम गेलं, शब्द गेला, नाव तेवढं ऱ्हायलं," ती म्हणाली. "बरं, ती पयली बाई कोण व्हती?"

प्राध्यापकांनी विचारलं. इंग्रज बाईनं मान हलवली. ते म्हणाले, "त्यांना माहीत नाही. कितीतरी पिढ्यांमागची गोष्ट. तिचं नाव कुठंच नाही. ती भाजायची एवढंच कळतं."

"पर तिच्या घरच्यांनी तिचं काम आडनाव म्हणून लावलं."

"हो."

"लाज न्हाय वाटली त्यांना?"

प्राध्यापक हसले. "तेव्हा नसेल वाटली."

"मंग ती घरचीच असणार," अक्का म्हणाली. "कामाला ठिवलेल्या बाईवरनं कोण आपलं आडनाव घेतंय?"

ती माझ्याकडं बघत नव्हती. चुलीत लाकूड सरकवत होती. मी दाराला टेकून उभी होते. माझे कान तापले. प्राध्यापकांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी सहज मला विचारलं, "ह्या तुमच्या कोण लागतात? इतकी वर्षं जेवतोय, पण विचारलंच नाही कधी."

मी म्हणाले, "माझ्या थोरल्या जाऊबाई."

इंग्रज बाईला ते सांगितलं गेलं, तिनं हात जोडले. अक्का म्हणाली, "आज बरी सापडली जाऊ. इंग्लंडवरनं कुणी सोयरीक घिऊन येणार न्हाय, म्हणून सापडली."

हे खरं होतं. जिथं खरं बोलायला काही मोल पडत नव्हतं, तिथं मी खरं बोलले. त्या दिवशी मला खोटं बोलल्याच्या दिवसापेक्षा जास्त लाज वाटली.

नंतर तो शब्द अक्काच्या तोंडी बसला. ढाबेवाल्याचा फोन आला की ती सुनेला म्हणायची, "सांग त्याला, ब्याक्स्टर कामात हायत." नात हसायची, सून हसायची. मला हसता येत नव्हतं. मी त्या शब्दावर फार विचार करायची. आमच्या रस्त्यावर आता सगळीकडं पाट्या आहेत: अमक्या अण्णांची भाकर, तमक्या दादांचा ढाबा. भाकरी सगळीकडं बायाच थापतात. पाटीवर त्यातली एक नाही. हे मला दिसत होतं, पण दुसऱ्यांच्या पाट्यांवर चिडायचा मला काय अधिकार? त्यांनी निदान बाईला घरची नाही असं सांगितलं नव्हतं.

लग्न तुळजापूरच्या वाटेवरच्या एका मंगल कार्यालयात होतं. मुलाकडच्यांची एक हौस होती. जेवणात चुलीवरची भाकर पाहिजे, तीही सगळ्यांसमोर थापलेली. आजकाल ती फॅशन आहे. मांडवात मातीची चूल मांडतात, बाईला नऊवारी नेसवून बसवतात, लोक ताट घेऊन रांगेत उभे राहतात आणि फोटो काढतात. माझ्या मालकांनी जे झाकायला भिंतीला भोक पाडलं, ते आता दाखवायला पैसे मोजतात.

सकाळी हळद झाली. नातीनं विचारलं, "थोरल्या आजी कुठं आहेत?" मी म्हणाले, असतील इकडं तिकडं. बघायला गेले, तर अक्का त्या चुलीपुढं बसलेली. केटररची बाई आलीच नव्हती म्हणे. मला अजून वाटतं की आली असती तरी अक्कानं तिला उठवलं असतं.

मी खाली वाकून म्हणाले, "अक्का, उठा. लोक बघतात."

"बघू द्या की. बघायलाच मांडलंय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "हितं बसले तर कुणी इचारणार न्हाय मी कोण. तिकडं म्होरं बसले तर इचारतील. पोरीच्या अंगावर अक्षता पडू दे आधी."

माझं खोटं सांभाळायला ती तिथं बसली होती. मी सांगितलं नव्हतं. मी तिला तिथून उठवलंही नाही.

अक्षता पडल्या. विहिणींची भेट झाली. मला साडी नेसवली, पहिली, मानाची, मोरपंखी रंगाची. सुनेला, माझ्या दोघी मुलींना नेसवल्या. मग विहीणबाई जेवणाकडं निघाल्या, त्यांनी अक्काला पाहिलं आणि खूष झाल्या. "अरे वा, ढाब्याच्या मावशींना आणलंत! फार चांगलं केलंत." त्यांच्या हातात खण-नारळाची पिशवी होती, आचारी, वाढपी यांच्यासाठी आणलेली. त्यातला एक खण आणि नारळ त्यांनी अक्काच्या पुढं केला. अक्कानं पिठाचा हात पुसून तो कपाळाला लावला. "सुखी ऱ्हावा," म्हणाली.

मी मोरपंखी साडीत तिथं उभी होते. रांगेतला एकजण फोटो काढत होता. त्या फोटोत मी पण असणार.

लग्नानंतर पहिल्यांदा नात माहेरी आली तेव्हा तिच्या सासूबाई सोबत आल्या. चहाचा कप खाली ठेवून मी त्यांना सांगितलं. फिरवून सांगायची मला सवय नाही. म्हणाले, "परसात भाकरी करतात त्या ढाब्याच्या नाहीत. माझ्या थोरल्या जाऊबाई आहेत. ह्या घरातल्या थोरल्या. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

सून स्वयंपाकघराच्या दारात थबकली. नात खाली बघत होती. विहीणबाईंनी परसाच्या दाराकडं बघितलं. मला वाटलं त्या म्हणतील, असू द्या, होतं असं. त्या म्हणाल्या, "मग मी तुमच्या थोरलीला खणावर बोळवलं?"

"हो."

"आणि तुम्ही बघत उभ्या होतात?"

"हो."

"मला फसवलंत ते एक वेळ सोडते. पण हे माझ्या हातून करवलंत." त्यांचे डोळे लाल झाले होते. "माझी आजी दुसऱ्यांची दळणं दळून जगली. आम्ही कधी लपवलं नाही. तुम्हाला काय वाटलं, आम्ही कोण लागून गेलो?"

मी त्यांना काहीच विचारलं नव्हतं. त्यांच्या पॉलिश केलेल्या चपला आणि मोजकं बोलणं बघून सगळं मीच ठरवलं होतं.

त्या उठल्या आणि परसात गेल्या. अक्काच्या पाया पडल्या. अक्का मागं सरकत म्हणाली, "अवो, पीठ लागंल पातळाला. खण चांगला हाय तुमचा, म्या शिवायला टाकलाय." आठ दिवसांनी लातूरहून साडी आली, माझ्यापेक्षा भारी. अक्कानं ती नीट घडी करून पेटीत ठेवली. नेसली नाही.

मला वाटत होतं माझं ओझं उतरलं. मी तसं बोलूनही दाखवलं. "अक्का, सांगितलं बघा मी सगळं."

ती ज्वारी निवडत होती. "व्हय. त्या कॉलेजच्या मास्तरला सांगितलंत, विहिणीला सांगितलंत. मला काय सांगितलंत?"

तेव्हा मी तिच्यासमोर खाली बसले. गुडघे दुखतात, पण बसले. म्हणाले, "अक्का, मी खोटं बोलले. मला भीती वाटली, पोरीचं मोडेल म्हणून. आणि नुसती भीती नव्हती. मला तुमची लाज वाटली. तुमच्या जिवावर स्लॅबच्या घरात राहून लाज वाटली."

ती खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "ते मोडलं असतं तर दुसरं जमलं असतं. पोरगी काय वाईट न्हाय. जाऊ दुसरी कुठनं आणली असती तुमी?"

थोड्या वेळानं तिनं सूप माझ्याकडं सरकवलं आणि मी खडे वेचू लागले. एवढंच झालं. ती अजून मला मालकीणबाई म्हणते, आणि त्यात चेष्टा किती आणि काटा किती ते मला ओळखता येत नाही. तिनं मला माफ केलं असं मी इथं लिहू शकते, वाचणाऱ्याला बरं वाटेल. पण ती तसं कधी म्हणालेली नाही, आणि तिच्याबद्दल एकदा खोटं सांगून झालं आहे.